विमा सुरू होतो खाटेपासून

आरोग्य विमा ही एका अर्थाने भिशीच असते. अनेक जण थोडे थोडे पैसे टाकतात आणि ज्याच्यावर वेळ येते तो उचलतो. फरक एवढाच, की उचलण्याची पाळी चिठ्ठीने ठरत नाही, आजाराने ठरते. पैसे गोळा करणारे कधी सरकार असते, कधी मालक, कधी विमा कंपनी. पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला असलेल्या भोर आणि वेल्हे या तालुक्यांत हे तिन्ही प्रकार एकाच उंबऱ्याच्या आत सापडू शकतात. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांचे आयुष्मान कार्ड, शिरवळच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाचा ईएसआयचा नंबर, पुण्यात नोकरी करणाऱ्या सुनेच्या कंपनीची पॉलिसी आणि उरलेल्यांसाठी रेशनकार्ड. कागदावर पाहिले तर घरातले कोणी उघड्यावर नाही. तरी अशाच घरातून दवाखान्यासाठी दुभती म्हैस विकली जाते. हे असे का होते ते समजायला विम्याचे प्रकार आणि या मुलखाची ठेवण एकत्र पाहावी लागते.

हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे ही शिवकाळातली नावे आजही इथल्या दवाखान्याच्या वाटा सांगतात. खोरे म्हणजे एका तोंडाची पिशवी. गावे आत विखुरलेली, बाहेर पडायचा रस्ता बहुधा एकच, आणि त्यात भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत या धरणांचे पाणी आडवे आलेले. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या १,८६,११६ होती आणि वेल्ह्याची ५४,५१६, म्हणजे जिल्ह्यात सर्वांत कमी. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, बोलण्यात अजून वेल्हेच आहे.) डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. तो डोकी मोजतो, किलोमीटर मोजत नाही. विरळ वस्तीच्या तालुक्याला त्यामुळे केंद्रे थोडी मिळतात आणि प्रत्येक केंद्राच्या वाट्याला डोंगर मात्र भरपूर येतात. देशातल्या या सगळ्या केंद्रांचे मूळ १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीचा भोर तालुक्याशी नावापलीकडे काही संबंध नव्हता. पण पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचारावाचून परत पाठवू नये, हे तिने मांडलेले तत्त्व पुढच्या सगळ्या योजनांच्या मुळाशी आहे.

विम्याच्या आधीची पहिली पायरी मोफत सरकारी सेवा ही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे घेतले जात नाहीत. नसरापूर किंवा करंजावण्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय, भोरचे उपजिल्हा रुग्णालय या सगळ्यांना हे लागू आहे. ताप, जुलाब, साधे बाळंतपण, भाताच्या खाचरात झालेला सर्पदंश, बीपी-शुगरच्या गोळ्या यांसाठी कोणत्याही विम्याची गरज नसते. लस आणि औषध शिल्लक असणे आणि डॉक्टर जागेवर असणे एवढीच गरज असते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही फुकट आहे. हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कर्करोग, मोठा अपघात यांपैकी काही निघाले, की खोऱ्याचे तोंड पुण्याकडे उघडते. विम्याचा विषय तिथून सुरू होतो.

महाराष्ट्राची सरकारी विमा योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुणे त्या आठांत नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती राज्यभर लागू झाली तेव्हा भोर-वेल्ह्याला तिचा लाभ मिळू लागला. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, ठरलेल्या ९७१ शस्त्रक्रिया आणि उपचारांची यादी, आणि कुटुंबामागे ३३३ रुपयांचा वार्षिक हप्ता सरकारच्या तिजोरीतून, असा तिचा पहिला आराखडा होता. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दरम्यान २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, पाच लाखांची. पण तिची दारे २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत ज्यांची नावे होती त्यांनाच उघडी होती. पाहणीच्या वेळी मुंबईला कामावर असलेले, नंतर जन्मलेले, नंतर वेगळी चूल मांडलेले अशा अनेकांना त्या जुन्या यादीने बाहेर ठेवले. १ एप्रिल २०२० पासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र चालू लागली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारकांना पाच लाखांचे संरक्षण जाहीर झाले, उपचारांची संख्या १,३५६ झाली, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले.

कामाची रीत सोपी आखलेली आहे. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. तो रेशनकार्ड आणि आधार पाहून नोंद करतो, डॉक्टर निदान लिहितात, कागद ऑनलाइन मंजुरीला जातात, मंजुरी आली की उपचार होतात आणि रुग्णालयाला ठरलेल्या पॅकेजप्रमाणे पैसे मिळतात. खाट, शस्त्रक्रिया, भूल, औषधे, जेवण सगळे पॅकेजमध्ये असते. घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही मूळ योजनेत धरलेले आहे. गावाहून रुग्णालयापर्यंत येण्याचे भाडे मात्र त्यात नाही, आणि एसटी चुकली तर जीपला मोजावे लागणारे पैसे तर नाहीतच.

गाडी अडते ती त्या टेबलावर. समजा, वेल्ह्याच्या एका घरातली नवी सून पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला आणली आहे. लग्न झाले तेव्हा माहेरच्या रेशनकार्डावरून तिचे नाव कमी केले, तसा दाखलाही घेतला. सासरच्या कार्डावर ते चढवायचे राहून गेले. आधारवर आडनाव अजून माहेरचेच. सासऱ्यांचे कार्ड जुने, लॅमिनेट केलेले, कडा उसवलेले. ते पुरवठा शाखेच्या संगणकावर चढलेले आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही. आरोग्यमित्र बारा अंकी ऑनलाइन नंबर मागतो. घरच्यांना तो ठाऊक नसतो, रेशन दुकानदाराला फोन लागत नाही, डोंगराआड रेंज नाही. नंबर मिळतो तेव्हा त्यात सुनेचे नाव नाही. मग एक माणूस पुण्याहून उलटा वेल्ह्याच्या तहसील कचेरीत जातो. तोवर रुग्णालय अनामत रक्कम मागते, आणि दागिने गहाण ठेवायला काढले जातात. अशा घरी पाच लाखांचे संरक्षण नव्हते असे म्हणता येत नाही. ते कार्डावरच्या एका ओळीसाठी अडले होते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद नंतर देण्याची मुभा योजनेत आहे, पण ती मागावी लागते, आणि मागायची असते हे घाबरलेल्या घराला सुचत नाही.

दुसरी अडचण यादीची. ठरलेल्या उपचारांबाहेरचा आजार असेल तर योजना काहीच देत नाही. विनाकारण केल्या जाण्याची भीती असलेले शंभरावर उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यांसाठी पुण्याच्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाची रांग धरावी लागते. खासगी रुग्णालये पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा मिळतात अशी तक्रार करत योजनेपासून लांब राहतात, किंवा काही ठरावीक विभागांपुरती सामील होतात. हाडांसाठी योजना आहे पण हृदयासाठी नाही, असे उत्तर त्यामुळे एकाच इमारतीत मिळू शकते. रुग्णालय योजनेत आहे का, एवढे विचारून भागत नाही. या आजारासाठी आहे का, हे विचारावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी आहे. डायलिसिस, केमोथेरपी असे अपवाद सोडले तर या योजना खाटेवर पडलेल्या माणसाचा खर्च देतात. खाटेपर्यंत पोहोचण्याआधीचा खर्च घरचा. मढे घाटाच्या तोंडाशी असलेल्या केळदच्या शेतकऱ्याच्या छातीत ऐन भातलावणीत कळ आली, तर आधी गावठी औषध, मग वेल्ह्याचा दवाखाना, मग नसरापूरला किंवा पुण्यात खासगी डॉक्टर, ईसीजी, रक्त, टू-डी इको अशी वाट पडते. तपासणीतून शस्त्रक्रिया ठरली तर योजना दार उघडते. नुसत्या गोळ्यांवर भागले, तर आजवरचा सगळा खर्च आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या गोळ्या खिशातून. डायलिसिसला योजनेचे पैसे मिळतात, पण आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याला जाण्यायेण्याचे आणि सोबत जाणाऱ्याच्या बुडालेल्या रोजाचे कोणी देत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे. खोऱ्यातल्या घराला तो तितका जाणवत नसेल तर त्याचे कारण हेच, की प्रवास आणि बुडालेली मजुरी हिशेबाच्या वहीत औषधपाण्याच्या रकान्यात येत नाही.

बुडालेल्या मजुरीचे पैसे देणारी एक योजना मात्र आहे, आणि ती सगळ्यांत जुनी आहे. १९४८ च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. पुणे-सातारा महामार्गावर शिंदेवाडी, खेड-शिवापूर, कापूरहोळ ते पलीकडे सातारा जिल्ह्यातल्या शिरवळपर्यंत कारखाने आणि गोदामे उभी राहिली, तशी भोर-वेल्ह्यातली तरुण पोरे तिच्यात आली. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचार, औषधे, शस्त्रक्रिया असे सगळे मिळते. शिवाय आजारपणाच्या रजेत, पुरेसे हप्ते भरलेले असले तर, वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कागदावर याहून चांगला विमा गरिबाला कुठे मिळणार नाही. पण ईएसआयचे मोठे रुग्णालय पुण्यात बिबवेवाडीला. कंत्राटी कामगाराची कपात झाली तरी कंत्राटदाराने पैसे भरलेत की नाही, हे आजारी पडल्यावर कळते. आणि पगार २१ हजारांच्या वर गेला, की चालू सहामाही संपताच कपात थांबते आणि काही महिन्यांनी संरक्षणही संपते. बढतीचे पेढे वाटणाऱ्याला हे सहसा कोणी सांगत नाही.

उरतो तो विकत घेतलेला विमा. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, आणि आज कंपनी कोणतीही असली तरी लोक सगळ्या खासगी आरोग्य विम्याला मेडिक्लेमच म्हणतात. यात एकट्याची पॉलिसी असते, सगळ्या कुटुंबाची मिळून एक रक्कम असलेली फ्लोटर असते, नोकरीच्या ठिकाणची गट पॉलिसी असते, आणि मूळ रक्कम संपल्यावर कामाला येणारी टॉप-अप असते. गट पॉलिसी स्वस्त, पण नोकरी सुटली की तीही सुटते. फ्लोटरमध्ये एकाच्या मोठ्या आजारात वर्षाची सगळी रक्कम संपू शकते. घेतल्यापासून पहिले ३० दिवस अपघाताखेरीज दुसरा क्लेम बसत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याचा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. सलग पाच वर्षे हप्ते भरले, की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याचे कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अर्जात बीपीची गोळी न लिहिणे ही बचत नव्हे. एजंटाने फॉर्म भरताना तसे सुचवले असले तरी सही पॉलिसीधारकाची असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा भार हलका झाला आहे.

सर्वांत जास्त भांडणे होतात ती खोलीच्या भाड्यावरून. नसरापूरच्या एखाद्या दुकानदाराकडे तीन लाखांची पॉलिसी आहे आणि तिच्यात खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार, असे धरू. पुण्याच्या रुग्णालयात तीन हजारांची खोली रिकामी नव्हती, म्हणून सहा हजारांची घेतली. पाच दिवसांचे भाडे ३० हजार, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटरचे ८० हजार, औषधे आणि तपासण्यांचे ४० हजार. एकूण दीड लाख. दुकानदाराला वाटते, भाड्यातले वरचे १५ हजार तेवढे आपल्याला भरावे लागतील. पण खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली, म्हणून सर्जन आणि थिएटरचे बिलही कंपनी निम्मेच धरते. औषधे, तपासण्या, रोपण केलेले साहित्य आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही. तेव्हा मिळतात १५ अधिक ४० अधिक ४०, म्हणजे ९५ हजार, आणि खिशातून जातात ५५ हजार. दुकानदार म्हणतो कंपनीने फसवले. कंपनी दाखवते पॉलिसीतले चौदाव्या पानावरचे कलम. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, फक्त एकानेच ते पान आधी वाचलेले असते.

आणखी एक घोटाळा खेड्यात सर्रास दिसतो. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात, त्यालाच आरोग्य विमा समजले जाते. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच दोन लाखांपर्यंत देते, दवाखान्याचा एक रुपयाही देत नाही. तरी ती इथे कामाची आहे, कारण सर्पदंश आणि झाडावरून पडणे तिच्यात अपघात म्हणून धरले जाते. अट अशी, की मृत्यूचे कारण रुग्णालयाच्या नोंदीत लगेच आलेले असावे. साप चावल्यावर माणूस मांत्रिकाकडे नेला आणि दवाखान्यात नेलाच नाही, तर आधी जीव जातो आणि मग विमाही. शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना वेगळी आहे. तीही मृत्यू आणि अपंगत्वापुरतीच. महामार्गावरच्या अपघातातल्या जखमींना मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनापैसे उपचार आहेत. त्यासाठी रेशनकार्ड लागत नाही.

सगळ्या विम्यांतून घरंगळलेल्यासाठी धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग राहतो. तो विमा नाही, हक्क आहे. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची असते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत. पुण्यातली कित्येक नामांकित रुग्णालये या नियमाखाली येतात. अडचण पुन्हा कागदाचीच: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य रंगाचे रेशनकार्ड लागते, आणि खाटा भरल्या आहेत, या उत्तराची शहानिशा रुग्णाला स्वतः करता येत नाही. ती करायची जागा धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय.

तक्रारीच्या वाटाही विम्यागणिक वेगळ्या आहेत, आणि चुकीच्या दारात गेलेले दिवस फुकट जातात. महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. रुग्णालयाने योजनेतल्या उपचारासाठी पैसे मागितले, तर खाट सोडण्याआधी तिथूनच फोन करावा, कारण डिस्चार्ज झाल्यावर पैसे परत मिळवणे फार लांबते. विकत घेतलेल्या पॉलिसीत कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने तासाभरात उत्तर द्यावे आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा विमा नियामकाचा मे २०२४ चा आदेश आहे. क्लेम नाकारला तर नकार लेखी घ्यावा, आधी कंपनीकडे तक्रार करावी; ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. मुंबई महानगराचा पट्टा सोडून उरलेल्या महाराष्ट्राचे हे कार्यालय पुण्यात नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. भोरची एसटी स्वारगेटला सोडते, तिथून ते फार लांब नाही.